जुन्या जिप्सीला लिफ्ट आणि लोखंडी बंपर बसवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००८ ची मारुती जिप्सी किंग हार्डटॉप घेतली आहे, इंजिन ठणठणीत आहे. ४ इंच लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं) आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर) बसेल असा लोखंडी बंपर करायचा आहे, पावसाळ्यात ताम्हिणी-वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटांवर फिरायचं आहे. गॅरेजवाले म्हणतात, आधी लिफ्ट करून टाकू, बंपरचं नंतर बघू.

मी बरीच वर्षं जिप्सीच चालवतो आणि मित्रांच्या गाड्यांची ही कामं शेजारी उभं राहून करून घेतली आहेत. माझं स्पष्ट मत: गॅरेजवाल्यांचा क्रम उलटा आहे, आणि ४ इंच हा आकडा तर डोक्यातून काढूनच टाका. आधी बंपर आणि विंचचं वजन ठरवा, त्या वजनाला पेलतील असे पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) घ्या, उंची त्यातून येईल तेवढीच येऊ द्या. लिफ्ट आधी आणि बंपर नंतर केला की दोन-तीन महिन्यांत गाडी नाक खाली घालून उभी राहते आणि पाट्यांचे पैसे दुसऱ्यांदा जातात.

वजनाचा हिशोब करून बघा. ३ मिमीचा पत्रा दर चौरस मीटरला साधारण साडेतेवीस किलो भरतो, ५ मिमीचा ३९ किलो. जिप्सीच्या बंपरला, ब्रॅकेटं धरून, अंदाजे एक-सव्वा चौरस मीटर पत्रा लागतो. त्यावर विंच, तिची पाटी, दोर अडकवायची कडी, बोल्ट. सगळं मिळून ७० किलो सहज होतं. आता हे ७० किलो पुढच्या ॲक्सलच्याही साधारण दोन फूट पुढे लटकतात, आणि जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) फक्त २३७५ मिमी आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर ७० नाही, जवळपास ८८ किलो वाढतात आणि मागच्या ॲक्सलवरचे १८ किलो कमी होतात. रिकाम्या जिप्सीची मागची बाजू मुळातच हलकी असते. ओल्या डांबरावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात ती त्यामुळेच, आणि जड बंपर हा दोष वाढवतो. म्हणून ५ मिमीचा बंपर सुचवणाऱ्या फॅब्रिकेटरला हात जोडा. बंपरच्या अंगाला ३ मिमी पुरतो, ५-६ मिमी फक्त चासीला जोडणाऱ्या ब्रॅकेटांना.

विंचचंही तसंच. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढेल अशी विंच घ्यायची, हा सगळीकडे चालणारा नियम. माणसं-सामान धरून जिप्सी दीड टनाच्या आसपास, म्हणजे सव्वादोन टन, म्हणजे साधारण ५,००० पौंड. ६,००० पौंडांची विंच भरपूर झाली. साडेनऊ आणि बारा हजार पौंडांच्या विंचा दुप्पट वजनाच्या गाड्यांसाठी आहेत. दोर सिंथेटिक घ्या, वजन वाचतं आणि तुटला तर तारेच्या दोरासारखा जीवघेणा फटका बसत नाही. विंच पूर्ण जोरात ओढते तेव्हा तीनशे-चारशे अँपिअर खेचते, त्यामुळे बॅटरी चांगली हवी आणि इंजिन चालू ठेवूनच ओढायचं. खरं सांगायचं तर पहिल्या पावसाळ्यात विंच नकोच. पुढे-मागे चासीला घट्ट बसवलेले दोन रिकव्हरी पॉइंट (ओढायचा पट्टा अडकवायच्या जागा), एक चांगला पट्टा आणि सोबत दुसरी गाडी, एवढ्यावर बहुतेक चिखलांतून निघता येतं.

आता उंची. जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल आहेत, म्हणजे दोन चाकांमध्ये एकच अखंड दांडा. पाटे कितीही उंच केलेत तरी डिफरन्शियलचा (ॲक्सलमधल्या गिअरचा) गोळा जमिनीपासून आहे तिथेच राहतो, कारण तो चाकाबरोबर असतो, बॉडीबरोबर नाही. कागदावरचा २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स लिफ्टने एक मिलिमीटरही वाढत नाही. लिफ्टने वाढते ती चासी आणि बॉडीखालची जागा, पुढून चढण्याचा आणि मागून उतरण्याचा कोन, आणि मोठ्या टायरसाठी मडगार्डमधली मोकळीक. गोळा उचलतात ते फक्त टायर. मूळ २०५/७० आर१५ टायरचा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर१५ चा सुमारे ७०३, म्हणजे गोळ्याखाली १७-१८ मिमी जास्त. २३५/७५ आर१५ चा सुमारे ७३३, म्हणजे ३२-३३ मिमी जास्त, पण मग स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल, आणि १.३ लिटरचं इंजिन घाटात तिसऱ्या गिअरला धापा टाकेल. तुमच्या वापराला २१५/७५ पुरेत.

चार-पाच इंच हवे असले की जिप्सीवाले एकच युक्ती करतात. कंपनीने पाटे ॲक्सलच्या खालून बांधले आहेत, ते वरून बांधायचे. गाडी पाचेक इंच उचलली जाते आणि फोटोत झकास दिसते. पण मग स्टीअरिंगचा ड्रॅगलिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) इतका तिरका होतो की खड्ड्यात चाक वर गेलं की स्टीअरिंग आपोआप फिरतं. तो लिंक वाकवून घ्यावा लागतो किंवा आर्म बदलावा लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पीळ खातात, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरची ताकद ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) कोन बिघडतात, ब्रेकचे होज (रबरी नळ्या) अपुरे पडतात. आणि या गाडीची दोन चाकांमधली रुंदी जेमतेम १.३ मीटर आहे. एवढ्या अरुंद गाडीचा गुरुत्वमध्य पाच इंच वर नेऊन ताम्हिणीच्या वळणावर सहकुटुंब जायला मी तयार नाही, तुम्हीही जाऊ नका. स्पर्धेसाठी ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी वेगळी.

दीड ते दोन इंच ठीक. सतरा-अठरा वर्षांचे पाटे बसलेलेच असतात, त्यामुळे नव्या पाट्यांनी आणि नव्या बुशांनी निम्मी उंची नुसतीच परत येते. पाटेवाला म्हणेल जुन्यांनाच कमान वाढवून देतो, ठोकून. थंड ठोकलेली कमान टिकत नाही, नवेच घ्या. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) लावून उंची मिळवायचा मोहही टाळा. २ इंच लांब शॅकलने उंची १ इंचच वाढते, आणि जिप्सीचा पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्याने ॲक्सल पुढे कलंडतो, कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग स्टीअरिंग वळणातून स्वतःहून सरळ येत नाही आणि ६०-७० ला पुढची चाकं थरथरू लागतात. कॅस्टर बिघडलाच तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर बसवून तो परत आणता येतो. तरीही थरथर राहिली तर किंगपिनच्या बेअरिंगा बघा. या वयाच्या जिप्सीत त्या सैल झालेल्या असतात, आणि दोष मात्र टायर बॅलन्सिंगला दिला जातो.

शॉकॲब्सॉर्बर नव्या उंचीला जुळणारे हवेत, नाहीतर चाक खाली लोंबलं की शॉक पूर्ण ताणून तोच चाकाला अडवून धरतो आणि त्याचा रॉड उपटतो. हे कसं तपासायचं तर पाटे बसवल्यावर, गाडी गॅरेजातून हलवण्याआधी, चासीला जॅक लावून पुढचं एक चाक अधांतरी सोडा. आता खाली बसून टॉर्चने बघा. ब्रेकच्या होजला बोटाने दाबलं तर तो हलला पाहिजे. तारेसारखा ताठ असेल तर लांब होज हवा. शॉकच्या रॉडमध्ये थोडी चाल शिल्लक हवी. प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड किती बाहेर आलाय ते खडूने खूण करून मोजा, आणि हाताने शाफ्ट फिरवून क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) कुठे अडकतो का ते पाहा. मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून टायर कुठे घासतो ते बघा. चारही चाकांना हेच. मिस्त्री कंटाळेल, पण हे करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

बंपरकडे येण्याआधी कायदा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुलबार आणि क्रॅशगार्ड (बंपरवर लावायच्या लोखंडी पाइपांच्या चौकटी) लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तुमची गाडी १५ वर्षांपलीकडची आहे, नोंदणीच्या नूतनीकरणाला ती आरटीओत तपासली जाणार. विमा कंपनी दाव्याच्या वेळी बदलांवर बोट ठेवते तो भाग वेगळाच. आणि या नियमामागचं कारण मला मनापासून पटतं: पायी चालणाऱ्या माणसाला पत्र्याचा मूळ बंपर लागणं आणि लोखंडी पाइपांची चौकट लागणं यात जीवाचा फरक आहे. म्हणून पाइपांचा गार्ड अजिबात नको. लोखंडी बंपर कितीही सभ्य असला तरी रस्त्यावर तो बदलच ठरतो, हे समजून निर्णय घ्या. मूळ बंपर परत बसवता येईल असंच काम करा, चासीवर काहीही कापू किंवा वेल्ड करू नका.

करायचाच ठरला तर फॅब्रिकेटरकडे आधी पुठ्ठ्याचा साचा करून घ्या. पुठ्ठा गाडीला टेकवून बॉनेट उघडतं का, पूर्ण वळलेल्या चाकाला कोपरा लागतो का, रेडिएटरसमोर वारा किती अडतो, नंबर प्लेट कुठे बसते, सगळं आधीच कळतं. कोपरे वर तिरके कापा, चढाच्या तोंडाशी तेच उपयोगी पडतात. कडा वेल्ड करण्यापेक्षा जमतील तितक्या बेंडिंग मशिनवर वाकवून घ्या. बंपर गाडीवर असताना त्याच्या तुकड्यांना फक्त वेल्डिंगचे टाके मारायचे, तेही बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढून, कारण जिप्सी किंगमध्ये ईसीयू (इंजिनचा संगणक) आहे. पूर्ण वेल्डिंग बंपर खाली उतरवून, थोडं इकडे थोडं तिकडे करत, नाहीतर पत्रा ओढला जाऊन भोकं जुळत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा तुकडा बाहेरून दिसत नाही. चासीचं पुढचं टोक पोकळ पेटीसारखं आहे. त्यातून आरपार बोल्ट घालून आवळला की पेटी दबते आणि महिन्याभरात बोल्ट सैल. आत बोल्टच्या मापाचा पाइपचा तुकडा घालायचा, म्हणजे आवळण्याचा जोर त्यावर येतो. बोल्ट १२ मिमी, डोक्यावर ८.८ लिहिलेले, नायलॉक (आपोआप सैल न होणाऱ्या) नटांसह. रिकव्हरीचे हूक याच ब्रॅकेटमधून चासीपर्यंत गेलेले हवेत, बंपरच्या पत्र्याला नुसते चिकटवलेले नकोत, ताणाखाली सुटलेला हूक गोळीसारखा जातो. खालच्या बाजूला पाणी निघायला भोकं, आतूनही रेड ऑक्साइड. कोकणात उतरणार असाल तर आतलं रंगकाम बाहेरच्यापेक्षा जास्त नीट करून घ्या.

शेवटी दोन कामं, जी हमखास राहून जातात. पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुने पुन्हा वापरू नका, आणि नवे लावल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या. हेडलाइटचा झोत पुढची बाजू उचलल्याने वर गेलेला असतो, तो भिंतीसमोर गाडी उभी करून खाली घ्या.

आजच एक करा: सपाट जागी रिकामी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं घ्या आणि इथे टाका. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर आधी पाट्यांकडेच बघावं लागेल, आणि कुठल्या जाडीचे, किती पानांचे घ्यायचे ते त्यावरून नीट सांगता येईल.