काउंटरमार्कला 'शिक्का' म्हणायचं का?

काउंटरमार्क म्हणजे आधीच्या नाण्यावर नंतर घातलेली खूण. प्रश्न असा आहे की पाचव्या-सहाव्या शतकात जुनी रोमन नाणी आकडे कोरून परत चलनात आणली, त्याबद्दल मराठीत लिहिताना 'शिक्का मारलेली नाणी' असं लिहिलं तर चालेल का.

माझं मत, नको. गंमत बघा, अरबी सिक्का म्हणजे मुळात नाणं पाडायचा साचा, तो हिंदीत जाऊन नाणंच झाला आणि आपल्याकडे मात्र ठशाजवळच थांबला, म्हणून तलाठ्याचा शिक्का, पोस्टाचा शिक्का. आता 'शिक्का मारलेलं नाणं' म्हटलं की वाचणारा म्हणणार, अहो नाण्यावर शिक्का असतोच की! 'आहत' (म्हणजे ठोकलेलं) शब्द चांगला आहे पण तो आपल्या जुन्या चांदीच्या कार्षापण नाण्यांनी आधीच अडवून ठेवलाय. 'पुनर्मुद्रित' हा नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या नाण्यांना फिट बसतो, १९०६ साली तिथे १३,००० च्या वर नाणी सापडली, सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या साधारण दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलेला, म्हणजे नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरं नाणं पाडलं म्हणा ना.

रोमन नाण्यांचं तसं नाहीये. ही बहुतेक रोमन सम्राट व्हेस्पासियन (इ.स. ६९ ते ७९) आणि त्याच्या मुलांच्या काळातली, म्हणजे आकडे कोरले तेव्हाच चारशे वर्षं जुनी, झिजून गुळगुळीत झालेली. मोठ्या सेस्टर्शियस नाण्यावर ८३ आणि लहान अॅस नाण्यावर ४२. तेव्हाचं रोजचं तांब्याचं नाणं, नुम्मुस, इतकं चिल्लर झालं होतं की बाजारात जायचं तर मूठभर न्यावं लागायचं, त्यामुळे हे जुने जाडजूड तुकडे कामाला आले. आकडा म्हणजे नाण्याची नुम्मुसांतली किंमत. आकडे असले विचित्र का, तर ५०० नुम्मुसांचा सहावा हिस्सा ८३ आणि बारावा ४२, अपूर्णांक जवळच्या पूर्ण आकड्यात बसवलेला, असा हिशोब लावतात. व्हँडल टोळ्यांच्या राजवटीत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला जी नवीन नाणी पाडली त्यांच्यावर पण ४२ आहेच. कोरायचं काम आफ्रिकेत झालं की इटलीत यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत, त्यात आपण पडायला नको.

पण शब्दासाठी महत्त्वाचं काय, तर हे आकडे ठशाने उमटवलेले नाहीत, छिन्नीने खोदलेत. रोमन ८३ म्हणजे एक एल, तीन फुल्या, तीन उभ्या रेघा. ४२ म्हणजे फुली, एल, दोन रेघा. वळण कुठेच नाही, सगळे सरळ घाव, छिन्नीवाल्याला सोप्पं! राजाच्या डोक्याशेजारी जागा बघून हाणलेत, काही इतके तिरके की कारागीर घाईत असावा असं वाटतं.

आणि इथे मराठी मदतीला येते. संस्कृत टंक म्हणजे छिन्नी, आणि टंक म्हणजे नाणं पण. त्यातून एकीकडे आपली पाथरवटाची टाकी आली, दुसरीकडे टांकसाळ. म्हणून मी तर सरळ 'टाकीने आकडा घातलेलं नाणं' लिहीन, आणि सारखं सारखं लिहायचं असेल तर 'टाकीचं नाणं', पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगून टाकायचा. जिथे खरंच छोटा ठसा मारलाय अशा दुसऱ्या नाण्यांना 'ठसा मारलेलं' म्हणा. 'प्रतिमुद्रांकित' वगैरे कृपा करून नको, तो शब्द वाचूनच माणूस पुढच्या पानावर जातो.

अजून एक, सेस्टर्शियसला 'कांस्य' लिहू नका, तो पितळेचा असायचा.