वीस किलो, तीन महिने आणि पाच लिटर तेल

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. डिसेंबरात ताईचं लग्न आहे, तोवर वीस किलो उतरवायचंय, कुठलं डाएट करू ते सांग काकू, असं विचारलंस, वर भाकरीचं आणि मित्र घेतोय त्या इंजेक्शनचंही. पण याचं उत्तर एका ओळीत मावत नाही म्हणून हे लांबलचक लिहितेय, सावकाश वाच. इतकी वर्षं लोकांची ताटं आणि वजनं बघण्यातच गेलीत माझी, त्यामुळे जे सांगतेय ते पुस्तकातलं कमी आणि बघितलेलं जास्त आहे.

आधी हिशोब करू, तू इंजिनिअर आहेस, आकड्यावर तुझा विश्वास बसेल. अंगातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे वीस किलोच्या झाल्या दीड लाखाच्या वर, त्या ९० दिवसांत जाळायच्या तर रोज १७०० ची तूट पडायला हवी. आणि तुझ्यासारखा २६ वर्षांचा, ८६ किलोचा, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा मुलगा अख्ख्या दिवसात खर्च करतो २३०० च्या आसपास. राहिल्या सहाशे. सहाशेवर तीन महिने काढायचे म्हणजे उपासमार झाली रे, आणि शरीर उपासमारीला उपासमारीसारखंच उत्तर देतं, लग्न कुणाचंही असो.

गेल्या वर्षी हेच झालं ना. काकडी, सूप आणि ग्रीन टीवर होतास, पहिल्याच आठवड्यात तीन किलो गेले म्हणून काट्याचा फोटो पाठवलास. त्यात चरबी फार थोडी होती. आपल्या स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, खाणं तोडलं की तो साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं, नीट जेवायला लागलास की परत येतं. मग अडीच-तीन महिन्यांनी केस गळायला लागले तेव्हा तू शॅम्पू बदललास, पण ते शॅम्पूचं नव्हतं, एकदम वजन उतरलं आणि प्रोटीन मिळालं नाही की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, हे मी कितीतरी मुलामुलींत बघितलंय. आणि आता सगळं वजन परत आल्यावर स्वतःलाच दोष देत बसलायस, माझ्यात विलपॉवर नाही म्हणून. हे डोक्यातून काढ. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवायची एक मोठी स्पर्धा असायची, तिथल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ मध्ये ते छापून आलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं आणि त्यांचं शरीर नुसतं पडून असताना अपेक्षेपेक्षा रोज जवळपास ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. भुकेची हॉर्मोन्ससुद्धा वजन उतरल्यावर वर्षभर तरी 'खा खा' असंच सांगत राहतात, हेही अभ्यासात दिसलंय. वजन परत येणं हे शरीराचं काम आहे, शरीर ते इमानदारीत करतं, आपण त्याची आधीपासून तयारी ठेवायची असते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, उतरवताना असं काही करू नकोस जे पाच वर्षांनी करताना दिसणार नाहीस. डिसेंबरपर्यंत पाच-सहा किलो उतरले तरी शेरवानी नीट बसेल आणि साखर, बीपी, लिव्हर सगळ्याला त्याचा फायदा होतो, वजनाच्या पाच-सात टक्क्यांत खूप फरक पडतो. आठवड्याला अर्धा किलो, त्यासाठी रोजची तूट पाचशे-साडेपाचशे. एवढी तूट जेवण न सोडता काढता येते, कुठून ते सांगते.

तुमच्या फ्लॅटवर मी आले होते तेव्हा ओट्याखाली तेलाचा पाच लिटरचा कॅन बघितला. तू म्हणालास, महिन्याला एक लागतो, चौघं आहोत. मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल, चार जणांत तीस दिवसांत, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, त्या दिसत नाहीत, पोट भरत नाहीत, आणि बाहेरचा वडा, सामोसा, बिर्याणी यात धरलेलीच नाही. तोच कॅन तीन लिटरवर आणा, माणशी २३ ग्रॅमच्या आत येतं, रोजच्या १३५ कॅलरी गेल्या आणि कुणाला कळणारही नाही. कसं करायचं? स्वयंपाकाच्या मावशी कॅन तिरका करून थेट कढईत ओततात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यांचा दोष नाही, तीन घरं करून घाईत येतात. कॅन वर ठेवून द्या आणि एका छोट्या बरणीत आठवड्याचं तेल काढून ठेवा, आत एक लहान चमचा ठेवा, चौघांची भाजी चार चमच्यांत होते. मावशींना नीट समजावून सांगा, ऑर्डर सोडू नका. आणि पोळीला वरून तेल लावायचं बंद, हवं तर गरम पोळीवर तूप तूच अर्धा चमचा घे, वासाने समाधान होतं.

भाकरीचं पण विचारलं होतंस. भाकरी खा, चांगलीच आहे, पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात ग्रॅमला कॅलरी जवळपास सारख्याच असतात, आणि एक भाकरी दोन फुलक्यांएवढी तरी भरते, तेव्हा भाकरीने वजन उतरतं म्हणून तीन खाल्ल्या तर काही उतरणार नाही. लिंबू-मध-पाण्याचं तर सोडूनच दे.

आता खरी कमी कुठे आहे ते सांगते, प्रोटीन. तू पाठवलेल्या आठवड्याच्या जेवणाच्या फोटोत सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी कँटीनची तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, पाच वाजता चहा-बिस्किट, रात्री भात आणि पातळ वरण, ज्यात डाळ शोधावी लागते. अशा जेवणाने दोन तासांत परत भूक लागणारच. वजन उतरताना नुसती चरबी जात नाही, मसलही जातो, आणि मसल गेला की खर्च अजून कमी होतो, म्हणून उतरवायच्या काळात प्रोटीन वाढवायचं असतं. जे वजन गाठायचंय त्याच्या किलोला एक ग्रॅम धर, तुला ७५-८० ग्रॅम हवं. दोन अंड्यांत १२, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २५ च्या आसपास, घट्ट आमटी, मटकीची उसळ, दही, पिठलं, बुधवार-रविवार चिकन किंवा बांगडा, जमतं सगळं, डब्यातल्या महागड्या पावडरीची गरज नाही. पोहे बंद नको करूस, पोहे अर्धे कर आणि बाजूला दोन उकडलेली अंडी घे, वरचं फरसाण मात्र काढ. जेवताना आधी उसळ-कोशिंबीर संपव, मग पोळी घे, तिसऱ्या पोळीकडे हात आपसूक कमी जातो, करून बघ.

दीक्षित की दिवेकर हा प्रश्न तर मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसात दोनदाच, ५५ मिनिटांत जेवा, मध्ये काही नको, आणि ४५ मिनिटं चाला. ऋजुता दिवेकर सांगतात थोडं थोडं दर दोन तासांनी, आपल्या मातीतलं, घरचं खा. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी बघितलीत आणि दोन्हीकडे परत वाढलेलीही बघितलीत. पहिल्यात खायच्या वेळा कमी होतात, दुसऱ्यात पाकिटातलं खाणं कमी होतं, दोन्हीकडे शेवटी पोटात कमी जातं म्हणून उतरतं. तुझ्या शिफ्टला जे झेपेल ते घे. फक्त घरात कुणाला डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांना डॉक्टरांना न विचारता दोन वेळांवर आणू नकोस, साखर एकदम खाली जाऊ शकते, बाबांना आधी हे सांग.

व्यायामाचं थोडक्यात. पाच किलोमीटर चालून तुझ्या वजनाला अडीचशे-तीनशे कॅलरी जातात आणि एक वडापाव साधारण तेवढाच असतो, म्हणून नुसतं चालून उतरेल ही आशा ठेवू नकोस. पण उतरलेलं टिकवायचं असेल तर मात्र चालण्याला पर्याय नाही, यावर मी ठाम आहे. अमेरिकेत १९९४ पासून एक रजिस्ट्री चालू आहे, कमीत कमी साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची नोंद ठेवतात, डाएट सगळ्यांची वेगळी, पण दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर काहीतरी हालचाल करतात आणि चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. आठवड्यातून दोनदा वजनंही उचल, जिम नको असेल तर उठाबशा, जोर, वाकून पाण्याचा कॅन पोटाकडे ओढणं, घरात होतं. आणि झोप, रात्री दोनपर्यंत मोबाईल बघून सहा तासही झोपत नाहीस, कमी झोपेने भूक वाढते आणि ती भूक काही उसळ मागत नाही.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, आणि रोजच्या आकड्याकडे न बघता आठवड्याच्या सरासरीकडे बघ, रात्री हॉटेलचं खारट खाल्लंस तर सकाळी किलोभर वाढलेलं दिसेल, ते पाणी असतं, त्यावरून जेवण सोडू नकोस. आणि टेप घे. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप धरायची, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक प्रसिद्ध फोटो आहे, २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण सहकाऱ्यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपली हाडं बारीक, मसल कमी आणि चरबी पोटावर, म्हणून काट्यावर बरा दिसणारा माणूसही आत बरा असेलच असं नाही. वजन थांबलं आणि कंबर कमी होतेय असं झालं तर खुशाल पुढे चाल, काम होतंय.

आता नवरात्र येईल, मग दिवाळी. उपासाने वजन उतरेल म्हणून नऊ दिवस धरणार असशील तर आपल्या लोकांनी आधीच सांगून ठेवलंय, एकादशी अन् दुप्पट खाशी. वाटीभर कोरडा साबुदाणा, वर दाण्याचं कूट आणि तूप, एका प्लेटला सहज पाचशे-सहाशे कॅलरी होतात आणि त्यात प्रोटीन कुटापुरतंच. धरायचाच असेल तर भगर, ताक, उकडलेलं रताळं, फळं, आणि देवासाठी धर, काट्यासाठी नको. दिवाळीत चकली खा, करंजी खा, घरी बसून सगळ्यांबरोबर खा, फक्त डबा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊ नकोस. सणाचे चार दिवस कुणाला जाड करत नाहीत, त्यानंतर महिनाभर उरलेलं संपवणं करतं.

लग्न झाल्यावरचे महिने मला जास्त महत्त्वाचे वाटतात. सगळे वाह वाह करून झालेले असतात, काट्यावर नवीन काही घडत नाही, आणि कंटाळा येतो. वजन घरात भिंतीवर लिहून ठेव, आणि तुझ्या टिकवायच्या वजनाच्या दोन किलो वर गेलास की त्याच आठवड्यात बरणी, अंडी, चालणं परत मोजायला घे. दोन किलो परत उतरतात, बारा किलोंचा डोंगर परत चढवत नाही. हलक्या शरीराला कमी लागतं, त्यामुळे ७५ किलोचा तू आत्ताएवढं जेवू शकणार नाहीस, हे आत्ताच मान्य कर म्हणजे तेव्हा त्रास होणार नाही.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं विचारलंस, मित्र घेतोय म्हणून. मार्च २०२५ मध्ये मुंजारो नावाचं असं इंजेक्शन भारतात आलं तेव्हापासून सगळेच विचारतात. औषधं खरंच काम करतात, ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्यावीत, त्यात लाज नाही. पण सेमाग्लुटाइड या तशाच दुसऱ्या औषधाच्या मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश वजन परत आलं, तेव्हा लग्नापुरतं तीन महिने घेऊन सोडणं यात अर्थ नाही, आणि मित्राच्या चिठ्ठीवर तर अजिबात नको.

सुरू करायच्या आधी एकदा तपासण्या करून घे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), लिव्हर, लिपिड, बी१२, आणि सध्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखव, काही औषधांनी वजन वाढतं. आईला सांगू नको म्हणालास पण तिला सांग, दर पंधरा दिवसांनी लाडवांचा डबा तीच पाठवते, तिला कळलं तर त्याच मायेने भाजलेले चणे आणि मेतकूट पाठवेल. रिपोर्ट आले की फोटो टाक, रविवारी चारनंतर मी मोकळी असते, फोन कर.

तुझी,
काकू