निकेल-क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यातून निकेल परत मिळवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की साकीनाक्याच्या युनिटमध्ये निकेल आणि क्रोम दोन्हीचं धुवणपाणी एकाच टाकीत घेता, चुना टाकता आणि गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रावर पाठवता. त्या गाळातून निकेल काढायचंय.

निघेल, पण परवडणार नाही. त्यात निकेल, क्रोम, लोखंड आणि चुन्यामुळे तयार झालेलं जिप्सम असं सगळं एकजीव झालेलं असतं. आणि निकेलच्या बाथला, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाला, क्रोम म्हणजे विष. जरासं गेलं तरी लेप पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी दोन्ही लाइनी वेगळ्या करा.

निकेलच्या बाथनंतरची पहिली टाकी वाहती नको, साठवणीची ठेवा. बाथ गरम असतो, पाणी उडतच राहतं. ती घट याच टाकीतल्या पाण्याने भरा. सगळ्यात स्वस्त वसुली हीच, रसायन शून्य. जिग, म्हणजे माल टांगायची चौकट, बाथवरच नीट निथळू दिला तर आणखी बरं.

पुढच्या धुवणपाण्यात चुना नाही, कॉस्टिक सोडा. ढवळत ढवळत पीएच १०.५ पर्यंत न्या, निकेलचा फिकट हिरवा साका (खाली बसणारा गाळ) धरतो. मीटरने आकडा दाखवला की लगेच डोसिंग बंद करून निघू नका. साका धरताना कॉस्टिक खर्च होतच असतं, थोड्या वेळाने बघाल तर पीएच घसरलेला असतो. हिशेबाने १ किलो निकेलला १.४ किलो कॉस्टिक, प्रत्यक्षात जास्तच. एवढं करूनही वरचं पाणी हिरवट-निळसर राहिलं तर अमोनिया किंवा ईडीटीए, म्हणजे निकेलला विरघळलेलंच धरून ठेवणारं रसायन, कुठून तरी शिरलंय. तुमच्याकडे इलेक्ट्रोलेसचं, म्हणजे विजेशिवायच्या प्लेटिंगचं, काम होत असेल तर पहिला संशय त्यावर.

क्रोमची गोष्ट वेगळी. प्लेटिंगच्या पाण्यातला हेक्साव्हॅलंट (विषारी, पिवळा) क्रोम नुसत्या कॉस्टिकने खाली बसत नाही. पीएच २-३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घाला, पिवळं पाणी हिरवं झालं की मग ८-८.५ ला साका धरा. हा गाळ तळोज्यालाच जाऊ द्या. निकेलच्या थराखाली सायनाइडच्या बाथमधून तांब्याचा थर देत असाल तर त्याचं पाणी या आम्लाच्या टाकीत थेंबभरही जाता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, माणूस जागीच जातो.

फिल्टर प्रेसमध्ये (गाळ दाबून पाणी काढायचं यंत्र) तयार झालेला निकेलचा केक, म्हणजे घट्ट गाळ, धुऊन सल्फ्युरिक आम्लात विरघळवला की निकेल सल्फेट मिळतं. कार्बनमधून गाळून, हल सेलमध्ये (लेप कसा बसतो ते बघायची छोटी चाचणी टाकी) तपासून बाथला देता येतं. पण लहान युनिटने यात पडू नये असं माझं मत. केक स्वच्छ ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्या, भंगारवाल्याला परस्पर नाही.