लॉनच्या गवताचे रोगप्रतिकारक वाण काढण्यावर संशोधन करावं का?

बी.एस्सी. ॲग्री झाल्यावर या विषयाकडे वळायचंय, पण घरचे म्हणतात, "कापूस-संत्रा सोडून गवत कशाला?" असं तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात याच विषयावर पीएच.डी. करतोय. माझं मत: जरूर करा.

उष्ण भागातल्या मैदानांवर पसरलेलं बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, जी धुऱ्यावरून खणून काढता काढता शेतकरी थकतो. नावाजलेले वाण मात्र संकरित. १९६० साली अमेरिकेत जॉर्जियातून आलेला टिफवे घ्या. हरळीची गुणसूत्रं ३६, तिच्या आफ्रिकन बहिणीची १८. या दोघींच्या संकरात २७ येतात, जोड्या जुळत नाहीत, बी धरत नाही. मग लागवड काड्या किंवा गादी (मुळा-मातीसकट कापलेला गवताचा थर) लावूनच. म्हणजे हजारो मैदानांवर एकच झाड! एखाद्या बुरशीला ते साधलं की सगळीकडे साधलं. फवारण्या वाढवल्या तर बुरशीच औषधाला दाद देईनाशी होते; डॉलर स्पॉट या गवताच्या पानांवर डाग पाडणाऱ्या बुरशीच्या रोगाबाबत हे घडलेलं आहे. म्हणून नव्या वाणांची गरज खरी आहे.

रोज करायचं काय? रोग मुद्दाम आणायचा, आणि तोही सगळ्या प्लॉटवर सारखा. निर्जंतुक केलेल्या धान्यावर बुरशी वाढवून विखरायची, रात्रभर पानं ओली ठेवायची. डॉलर स्पॉटचे पांढरे तंतू पहाटेच्या दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात आणि ऊन चढलं की नाहीसे होतात. मागे पानावर वाळक्या रंगाचा, तांबूस कडेचा डाग उरतो. नोंदी १ ते ९ गुणांत. ९ म्हणजे निरोगी.

इथे एक गोष्ट सांभाळा. नत्र कमी पडलं की हा रोग बळावतो, त्यामुळे युरिया दिलेल्या प्लॉटवर कुठलाही वाण चांगला दिसतो. चाचणी कमी नत्रावरही घ्याच, नाहीतर वाणाऐवजी खताला गुण द्याल. पाण्याचंही तसंच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. पाणी तोडून कोण तगतं ते बघायला याहून चांगली जागा नाही.

हरळीचे नमुनेही इथेच गोळा करता येतात: अंबाझरी तलावाचा काठ, काळ्या जमिनीतले धुरे, जुन्या मैदानांच्या कडा. गाइड निवडताना एवढं विचारा की स्वतंत्र प्लॉट मिळेल का आणि सल्लागार समितीत रोगशास्त्राचं कुणी असेल का. बुरशी ओळखणारं माणूस सोबत नसेल तर हा विषय तिथे घेऊ नका.