तोंड पुढे, बोट मागे

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. वीसपर्यंत घडाघडा म्हणतो, पण नऊ चिंचोके मोजायला दिले की कधी आठ येतात, कधी अकरा. सून म्हणते, लक्षच देत नाही. (एक आजी, कसबा बावडा)

आजी, लक्ष देतोय तो. अंक म्हणणं त्याच्यासाठी 'शुभंकरोति' म्हणण्यासारखं आहे, पाठ झालंय. मोजताना मात्र तोंड, बोट आणि डोळे एकत्र चालवायचे, शिवाय कुठला मोजला आणि कुठला राहिला हेही ध्यानात ठेवायचं. चार वर्षांच्या मुलाला हे सोपं नाही. मागे एक मुलगी माझ्यासमोर बांगड्या मोजत होती. पाचपर्यंत सगळं नीट. मग 'स' म्हणताना एका बांगडीवर बोट आणि 'हा' म्हणताना पुढच्या! एक ते पाच यांतला प्रत्येक शब्द एका दमात संपतो, 'सहा'चे दोन तुकडे होतात आणि बोट तिथंच फसतं. तुमच्या नातवाचं बोट कुठं घसरतं, ते एकदा जवळ बसून बघा.

उपाय घरातलाच आहे. स्टीलच्या दोन वाट्या घ्या. एका वाटीतला चिंचोका उचलायचा, दुसरीत टाकायचा आणि टण् वाजलं की मगच अंक म्हणायचा. आवाजामुळं तोंडाला लगाम बसतो आणि मोजलेला चिंचोका आपोआप बाजूला पडतो. सुरुवातीला पाचच द्या. चुकला तरी 'चूक' म्हणू नका, 'परत टाकून बघूया' म्हणा. घरात रांगतं बाळ असेल तर मात्र चिंचोके नकोत, नाकातोंडात जातात. चमचे घ्या.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. पाच बिस्किटं बरोबर मोजते, पण 'मग किती आहेत?' विचारलं की पुन्हा एकपासून सुरू! (आई, राजारामपुरी)

'किती?' म्हणजे 'मोज' असंच तिला वाटतंय. 'पाच' हे तिच्या लेखी शेवटच्या बिस्किटाचं नाव आहे. तो आकडा सगळ्या बिस्किटांचा मिळून असतो, हे अजून उमगायचंय. गेलमन आणि गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. माझ्या मते सगळ्यात अवघड हेच.

तिला 'मला तीन दे' म्हणून बघा. मूठभर उचलून दिली तर समजा, तीनचा अर्थ अजून पक्का नाही. मुलं आधी 'एक' समजतात, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. तुम्ही 'मोजून दाखव' कमी करा आणि 'आणून दे' वाढवा. रविवारी तांबड्या रश्श्याला चार वाट्या तिलाच आणायला सांगा. मोजून झालं की सगळ्या वाट्यांभोवती हात फिरवून म्हणा, 'चार! चार वाट्या.' पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणून घेण्यापेक्षा या चार वाट्या मला मोलाच्या वाटतात.

प्रश्न : अंगणवाडीत मुलं एकोणीस, एकोणतीसला अडखळतात. 'वीस एक, वीस दोन' असं शिकवावं का? (सेविका, करवीर तालुका)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ही रीत आली, तेव्हा केवढा वाद झाला! मला ती रीत उपयोगाची वाटते, कारण 'वीस दोन' म्हणताना संख्या कशी बनली ते ऐकू येतं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. 'तीस' ऐकून मूल पुढं उडी मारतं, त्यात त्याचा काय दोष? पण बाई, तुमच्या वयाच्या मुलांना दहापर्यंतच्या वस्तू चोख मोजता येऊ देत. पुढच्या संख्यांसाठी मेथीच्या जुडीसारख्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा. दोन जुड्या आणि वर दोन काड्या हातात असल्या की 'वीस दोन' म्हणा, नाहीतर 'बावीस'. मुलाला दोन्ही कळतं.

प्रश्न : सहा कप लांब लांब मांडले की पाच वर्षांचा मुलगा म्हणतो, 'जास्त झाले.' (बाबा, शाहूपुरी)

या वयात असं होतंच. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हे फार पूर्वीच दाखवलंय. वाद घालू नका. प्रत्येक कपाखाली बशी त्यालाच ठेवू द्या, मग कप लांब सारून विचारा, 'बश्या पुरतील का?' नाही पटलं तर आवरून ठेवा, दोन महिन्यांनी परत मांडा.