वाचकांचे प्रश्न : दोरी आणि लाइफ जॅकेट

प्रश्न : आमच्या छोट्या मोटरबोटीला किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी आहे. मला उत्तम पोहता येते आणि लाइफ जॅकेट बोटीत हाताशी असते. तरीही दोन्ही सतत अंगावर बाळगणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय, इंजिन चालू असेपर्यंत दोन्ही हवीतच. दोरी अडकवलेली नसेल, तर चालक पाण्यात पडला तरी इंजिन थांबत नाही. सुकाणू सुटलेली बोट बहुधा एका बाजूला वळून गोल फिरू लागते आणि तिचा पंखा पडलेल्या माणसाकडेच परत येतो, अशा वेळी पोहण्याचे कौशल्य फारसे कामी येत नाही. दोरीचे एक टोक स्विचला आणि दुसरे मांडीला किंवा लाइफ जॅकेटच्या भक्कम कडीला अडकवलेले असेल, तर पडताक्षणी इंजिन बंद होते. दर फेरीआधी इंजिन सुरू करून, दोरी ओढल्यावर ते बंद होते का, हे पाहावे. जादा दोरीही बोटीत ठेवावी, कारण चालकासोबत दोरी पाण्यात गेल्यास मागे उरलेल्यांना त्याला उचलण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू करावे लागते आणि त्यासाठी स्विचला दोरी लागते; ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

हाताशी असलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर हाताशी राहत नाही. थंड पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो, तेव्हा जॅकेटचे बंद लावणे जवळजवळ अशक्यच. जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात; ५० न्यूटनचे साधन फक्त तरंगायला मदत करते. बेशुद्ध माणसाला उताणे करण्यासाठी बनवलेली जॅकेटे १०० न्यूटनपासून पुढची असतात. मांड्यांमधून जाणारा पट्टाही आवळावा, अन्यथा जॅकेट वर सरकते.