पिकअपचं इंजिन जास्तीत जास्त टिकायला कोणतं ऑइल टाकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२१ ची बीएस ६ पिकअप, ७८ हजार किलोमीटर झालेत, सासवडहून मार्केट यार्डला भाजी, परतीला खत नाहीतर सिमेंट. मिस्त्री म्हणतो २०डब्ल्यू-५० टाका, जाड ऑइलवर इंजिन टिकतं. दुकानदार म्हणतो महागातलं फुल सिंथेटिक घ्या. इंजिन न खोलता गाडी पाच लाखांपर्यंत न्यायची आहे, तर ऐकायचं कोणाचं?

माझ्या मते दोघांचंही नको. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा आणि ऑइलचं पान उघडा. तिथे दोन गोष्टी दिलेल्या असतात. एक ग्रेड, म्हणजे ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० वगैरे. दुसरा दर्जाचा कोड, सीके-४ किंवा सी३ असा काहीतरी. ग्रेड सगळेच बघतात, कोड फार थोडे बघतात. बीएस ६ गाडीत खरं नुकसान होतं ते या कोडकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

हे मी पैसे मोजून शिकलो. फुरसुंगीत राहतो, २००६ पासून पिकअप चालवतो. जुन्या गाडीत कायम साधं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं ऑइल टाकलं आणि तिचं इंजिन चार लाख चाळीस हजार किलोमीटरांना पहिल्यांदा खोललं. त्यामुळे २०२० मध्ये नवी गाडी घेतल्यावर, वॉरंटी संपताच मी नेहमीच्या गॅरेजला गेलो आणि तिथल्या बॅरलमधलं तेच ऑइल तिच्यातही भरलं. सलग तीन वेळा. गाडी मजेत पळत होती. मग डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, दिवा आधी महिन्यातून एकदा, नंतर आठवड्याला लागायला लागला. चढाला गाडी मागे ओढल्यासारखी वाटायची. शेवटी डीपीएफ उतरवला तेव्हा मिस्त्रीने तो वर्तमानपत्रावर हलकेच आपटला. आतून राखाडी, पिठासारखी पावडर पडली. काळी काजळी नव्हे, राख. दोन दिवस गाडी उभी राहिली आणि ऐन सीताफळाच्या हंगामातली भाडी गेली.

काजळी आणि राख यांतला फरक समजला की सगळं समजतं. डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफमध्ये साठते. ठराविक भरली की गाडी स्वतःहून आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि ती जाळून टाकते. राख मात्र जळत नाही. ती येते ऑइलमधून. ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त असे धातू असलेली औषधं घातलेली असतात, आणि इंजिन जे थोडंफार ऑइल जाळतं त्यातून ती राख बनून पुढे जाते. सीआय-४ दर्जात राखेवर मर्यादाच नाही. २००६ च्या सीजे-४ पासून ती १ टक्क्यावर आणली, २०१६ च्या सीके-४ मध्येही तीच आहे. सी२ आणि सी३ मध्ये तर ०.८ टक्के. पुस्तकात यातला जो कोड असेल तो डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडलाच पाहिजे. नसेल, तर तो डबा कितीही महाग असला तरी तुमच्या गाडीचा नाही.

जुने मिस्त्री चुकीचं शिकले होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काळात डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं. पुणे आणि सोलापूर शहरांत २०१० पासून ५० पीपीएमचं (दहा लाख भागांत ५० भाग गंधक) डिझेल मिळायला लागलं, पण मधल्या गावांतल्या पंपांवर ३५० पीपीएमच होतं. गंधकापासून आम्ल तयार होतं आणि ते मारायला ऑइलमध्ये ती औषधं भरपूर लागायची. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं डिझेल आहे. आम्लाचं ते काम पुष्कळ कमी झालं, आणि पुढे डीपीएफ आला. कालपर्यंत जे इंजिन वाचवत होतं तेच आज डीपीएफ बुजवतं.

आता जाडपणा. १५डब्ल्यू मधला १५ हा थंडीतला आकडा आहे, उणे २० अंशांवर इंजिन फिरतं का याची ती चाचणी. मागचा ३० किंवा ४० हा गरम इंजिनातल्या जाडपणाचा. पुण्यात जानेवारीच्या पहाटेही पारा ८-१० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे १५डब्ल्यू आपल्याला अडत नाही. तरी पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच टाका. '३० म्हणजे पातळ, लोडला टिकणार नाही' ही भीती सरसकट खरी नाही. १५० अंशांना, जोरात घासलं जात असताना, बेअरिंगमध्ये ऑइलचा थर किती टिकतो याची वेगळी चाचणी असते, आणि सी३ कोडच्या ऑइलला तिथे जाडपणाच्या ३.५ या आकड्याखाली यायची परवानगी नाही, मग ते ३० ग्रेडचं का असेना. २०डब्ल्यू-५० ने आवाज दबतो, म्हणून इंजिन सुधारल्यासारखं वाटतं. पण थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारणारा टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) तोवर कोरडा फिरतो. ७८ हजारांच्या निरोगी इंजिनात ते टाकायचं काहीच कारण नाही.

सिंथेटिकला माझा विरोध नाही. उष्णतेत ते जास्त टिकतं, दिवे घाटाच्या चढाला सिमेंट घेऊन जाणाऱ्या गाडीला त्याचा फायदाच आहे. पण योग्य कोडचं साधं ऑइल वेळेवर बदललं, तर ते चुकीच्या कोडच्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगलं. आणि सिंथेटिक आहे म्हणून बदलायचं अंतर मनाने वाढवू नका.

अंतराचं सांगायचं तर नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. मार्केट यार्डच्या गेटवर पहाटे तासभर गाडी चालू ठेवून रांगेत उभं राहिलात, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला, तर मीटर हलत नाही पण ऑइल झिजतं. मी पुस्तकातल्या अंतरातून एक चतुर्थांश कमी करतो. फिल्टर दर वेळी नवा, ड्रेन नटचा वॉशरही नवा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑइलची पातळी वाढणं. कमी झालेलं सगळे बघतात, वाढलेलं बघून उलट खूश होतात. डीपीएफ तापवायला गाडी सिलिंडरमध्ये उशिराने जास्तीचं डिझेल सोडते. ते काम मध्येच तुटलं, म्हणजे तुम्ही यार्डात पोचून चावी बंद केलीत, तर ते पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि दर वेळी त्यातलं काही डिझेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग खातं. पहाटे गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर, गेज (ऑइलची पातळी बघायची काडी) पुसून पुन्हा घाला. ऑइल वरच्या रेषेच्या पुढे असेल आणि काडीला डिझेलचा वास येत असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. आठवड्यातून एकदा तरी सोलापूर रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटं एका दमात गाडी चालवा, म्हणजे डीपीएफचं काम पूर्ण होईल.

गेजवरचा एक थेंब टिश्यू पेपरवर टाकून रात्रभर ठेवायची सवय मला लागली आहे. ऑइल काळं आहे यावर जाऊ नका, डिझेल इंजिनात ते चार दिवसांत काळं होतं. काजळी पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम. सकाळी डाग मधून बाहेरपर्यंत हळूहळू फिकट होत गेलेला दिसला तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मधोमध डांबरासारखा काळा ठिपका, त्याची कड धारदार आणि बाहेर नुसतं पिवळट तेल असेल तर ऑइल संपलंय, किलोमीटर काहीही असोत. बाहेरचं वर्तुळ फार मोठं आणि पाणचट असेल तर डिझेल मिसळल्याचा संशय घ्या.

वाघोलीच्या खडी क्रशरकडची भाडी करत असाल तर एअर फिल्टर आणि त्याच्या पाइपाचे क्लिप दर आठवड्याला बघा. आत गेलेली धूळ कोणतंही ऑइल थांबवू शकत नाही. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा, टर्बोला थंड व्हायला तेवढा वेळ लागतो.

ऑइल सुटं, बॅरलमधलं घेऊ नका. नाना पेठेत घ्या नाहीतर सासवडला, पण कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट, आणि सील स्वतः फोडा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी मी त्याला खिळ्याने दोन भोकं पाडतो, नाहीतर त्यात नकली माल भरून तोच डबा परत दुकानात येतो.

पुस्तकातल्या ऑइलच्या पानाचा आणि सध्या गाडीत असलेल्या ऑइलच्या डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो खाली टाका, कोड जुळतात का ते बघून सांगतो. तोवर उद्या पहाटे गेज तेवढी बघून घ्या.